सारवलेला पूल

त्या साहेबाची आठवण निघाली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

संस्थानचे दिवस होते. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना आमचा पाडा लागायचा, आणि खाली नदीवर तो जुना लाकडी पूल. तुळया वाळवीनं पोखरलेल्या, फळ्या निम्म्या गेलेल्या. नवी तुळई घालायची तर साग लागतो, आणि सागाला हात लावायची आम्हांला मनाई. माझी थोरली बहीण पलीकडच्या पाड्यात दिली होती. पहिलटकरीण, पण सासरचे तिला माहेरी धाडायला तयार नव्हते. भर पावसाळ्यात तिचे दिवस भरणार होते, आणि दोन्ही काठांना सुईण एकच, आमची आई.

म्हणून आईनंच पाटलाच्या मागे टुमणं लावलं. पाटलानं जव्हारला खेपा घातल्या, दुरुस्तीसाठी सरकारी मदत मागितली. शेवटी निरोप आला, साहेब स्वतः पूल बघायला येणार आणि मग पैसा मंजूर करणार.

झालं! पाडा नुसता हरखून गेला. आता आमच्याकडची रीत अशी, की पाहुणा यायचा तर मोडकंतोडकं त्याच्या नजरेला पडू द्यायचं नाही. घरात नागलीची भाकर असो वा नसो, अंगण सारवलेलं पाहिजे. साहेब तर केवढा मोठा पाहुणा, आणि तो येणार पुलावर! बाप्यांनी बांबूच्या तट्ट्या विणून भोकांवर अंथरल्या. आम्ही बायांनी त्यावर शेणमातीनं असं सारवलं, की अंगणानं झक मारावी. कठड्याला गेरू, गेरूवर तांदळाच्या पिठाचे ठिपके, दोन्ही टोकांना आंब्याच्या पानांचं तोरण. पिठाची बोटं उमटवताना आई गुणगुणत होती. लेकीकडे जायची वाट होती ना ती.

साहेब घोड्यावरून आला. उतरला का? छे! या टोकालाच घोडा थांबवला, बसल्या जागेवरून बघितलं आणि पाटलावर डाफरला, "हा पूल मोडकळीला आलाय? खोटे अर्ज करता? लाज नाही वाटत?"

पाटील हात जोडून सांगत होता, "साहेब, खाली वाकून तुळया बघ. हे वरचं तुझ्यासाठी सारवलंय." आमच्यात लहानथोर सगळ्यांनाच अरेतुरे. साहेबाला त्याचाही अपमान वाटला. त्यानं घोडा वळवला आणि चालता झाला. मदत नामंजूर.

अरे, खोटेपणा कसला? तुझ्यासाठी कंबर मोडेतो राबलो, तो खोटेपणा? घोड्यावरून उतरून एकदा खाली वाकला असतास, तर तुझं काय जाणार होतं? मेल्याला तेवढंही जमलं नाही!

आषाढात आधी सारवण वाहून गेलं, मग तट्ट्या, आणि एका सकाळी मधली तुळई कडाडून नदीत गेली. त्याच आठवड्यात बहिणीचा नवरा पलीकडच्या काठावर येऊन हात हलवायला लागला. आई तशीच पाण्यात शिरली. चौघांनी तिला ओढून बाहेर काढलं. मग ती काठावरून ओरडून सांगत राहिली, तिला कसं बसवायचं, पोट कसं चोळायचं, काय पाजायचं. पाण्याच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार, कपाळ? तो पळत गेला. दिवस कलताना परत आला आणि काठावर डोकं धरून खाली बसला. मायलेकरं दोन्ही गेली.

पूल पडल्याची खबर जव्हारला गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच साहेब पुन्हा यायचा झाला. आणि सांगते काय, आमच्या बाया उरलेलं टोक सारवायला शेणाच्या पाट्या घेऊन निघाल्या! सवय हो, दुसरं काय. आईनं पहिली पाटी हिसकावली आणि नदीत भिरकावली. "खबरदार कोणी हात लावाल तर. पाहुणा नाही तो." मोडक्या टोकावर जाऊन बसली. साहेब आला तशी उठली आणि घोड्याचा लगाम धरला.

"उतर," म्हणाली. "आता बघ."

उतरला. मुकाट्यानं वाकून बघितलं. मदत मंजूर झाली. पुढच्या वर्षी दगडी पूल उभा राहिला, चांगला भक्कम. पहिल्या दिवशी सगळा पाडा हसतखिदळत पलीकडे जाऊन आला. आई तेवढी या काठावर बसून होती.

मी म्हटलं, "आई, चल ना."

ती म्हणाली, "कोणाकडे जाऊ, बाय?"