उमाजीचं दुसरं बारसं

उमाजी धिवराच्या जिभेला हाड नव्हतं आणि हाताला लगाम नव्हता. आरमोरीच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठी मासे मारणाऱ्या धिवरांची वस्ती होती, तिथला हा सगळ्यात धाडसी डोंगेवाला, म्हणजे होडी हाकणारा. पाण्यातला माणूस म्हणून त्याला कुणी नावं ठेवली असती तर मीच भांडलो असतो. घरातला माणूस म्हणून विचाराल, तर जाऊ द्या. त्याची बायको गिरजा विहिरीवर आली की बाया तिच्या सुजलेल्या गालाकडे पाहायच्या आणि लगेच पावसापाण्याच्या गोष्टी काढायच्या. नऊ वर्षांची असताना ती त्या घरात आली होती. उमाजी म्हणेल ती पूर्व दिशा, हे ती तेव्हाच शिकली.

दुसरी निवडणूक झाली त्या सालचा पावसाळा. वैनगंगेनं असं काही रूप धरलं की उमाजीची म्हातारी आई देवकाबाई, जिचा जन्म काठावर गेला, तीसुद्धा नदीला हात जोडून मागं सरली. पुरात जंगलातली सागाची लाकडं वाहून यायची. ती धरून आणायची, हा तिथल्या धिवरांचा जुना हव्यास. एक चांगलं लाकूड सापडलं तर घराचं आढं होतं. पण त्या दिवशी कुणाचीच छाती होईना. सगळा गाव उंचावर उभा राहून नुसता पाहत होता, आणि उमाजीनं डोंगा सोडला.

गिरजानं डोंग्याचा काठ धरला. आजच्या दिवस नको जाऊ, एवढंच ती म्हणाली. उमाजीनं सगळ्या गावादेखत तिच्या कानशिलात अशी वाजवली की ती चिखलात बसली. बायकोचं ऐकून पाण्यात उतरायचं असतं तर मी बांगड्या भरल्या असत्या, असंही वर ऐकवलं. दोघंचौघं हसले. खोटं कशाला बोला, मीही हसलो असेन.

लाकूड त्यानं धरलं, बरं का. मधल्या धारेत जाऊन धरलं आणि दोरानं डोंग्याला बांधलंही. काठावरून वाहवा झाली. मग भोवऱ्यानं ते लाकूड फिरवलं, उमाजीच्या हातातला बांबू काडीसारखा मोडला, आणि लाकूड पुढं, डोंगा मागं, असे दोघं वळणापलीकडे दिसेनासे झाले.

दोर तोडून तो लाकडापासून सुटला, पण पाण्यापासून कसा सुटणार? हातात काही नाही. नुसतं बसायचं आणि पाणी नेईल तिकडे जायचं. डोंग्यात शिरलेलं पाणी ओंजळीनं बाहेर टाकायचं, तेच गढूळ पाणी धोतरातून गाळून प्यायचं. आणि काठ कुठंच नाही. ह्या माणसानं जन्मात कधी काठ नसलेलं पाणी पाहिलं नव्हतं. जिकडे नजर टाकावी तिकडे लाल पाणी, मधूनच एखाद्या झाडाचा शेंडा, एखादं वाहतं छप्पर. लोक म्हणतात तो समुद्र असाच असेल, असं त्याला वाटलं आणि त्याची बोबडी वळली. वाहत आलेला कोहळ्याचा वेल त्याच्या हाती लागला. त्याला लागलेला कोहळा त्यानं कच्चाच, बियांसकट खाल्ला.

एक मेलेला बैल त्याच्या सोबतीला लागला. फुगलेला, एक डोळा उघडा. उमाजी लाथेनं त्याला लोटायचा, बैल जरा लांब जायचा आणि पुन्हा येऊन डोंग्याला टेकायचा. उमाजीनं त्याला शिव्या दिल्या, मग देता देता त्याच्याशी बोलू लागला. अखेर कुठल्याशा धारेनं बैलाला दुसरीकडे ओढून नेलं, तेव्हा हा दांडगा गडी हमसून हमसून रडला. इतकं एकटं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मग कुणाला तरी हाक मारावी म्हणून त्यानं तोंड उघडलं. आईला मारली, देवाला मारली, आणि तिसऱ्यांदा तोंडातून निघालं, ‘गिरजा!’ तो स्वतःच दचकला. आपल्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. ‘अवं’, ‘आयकते का वं’ एवढ्यावरच जन्म निघून जातो. पण तिथं ऐकायला होतं कोण? एकदा लाज गेल्यावर तो तेच नाव घेत सुटला. घसा बसेपर्यंत घेतलं. एकदा घरी जाऊ दे, पुन्हा हात उचलणार नाही, अशी शपथही त्यानं त्या पाण्यात घातली. ती खरी होती. त्या वेळेपुरती तर अगदी खरी होती.

वैनगंगेतून तो प्राणहितेत गेला आणि पार खाली सिरोंचाच्या अंगाला पाण्यात बुडालेल्या एका आमराईत त्याचा डोंगा अडकला. तिकडच्या तेलुगू कोळ्यांनी त्याला फांदीवरून काढला. त्यांची भाषा याला कळेना, याची त्यांना. तापानं त्याला आडवा पाडला तो पाडलाच. उभं राहता आलं तसा तो निघाला. कुठं कुणाच्या बैलबंडीत, कुठं पायी, जंगलाजंगलातून. कुणी विचारलं तर एकच सांगायचा, घरी बायको वाट पाहते. गावात पोचला तेव्हा धानाला लोंब्या आल्या होत्या.

दुपारची वेळ. गिरजा अंगणात उखळाशी धान कांडत होती. दारात उभं राहून त्यानं हाक मारली, ‘गिरजा.’

ती वळली. तिच्या हातातलं मुसळ पडलं आणि ती अशी किंचाळली की सगळी वस्ती धावून आली. उमाजीला मात्र काहीच ऐकू आलं नाही. तो तिच्या हातांकडे पाहत होता. बांगड्या नव्हत्या. कपाळ मोकळं होतं. आपण ह्यांच्या लेखी मेलो, हे त्याला तिथं, आपल्या स्वतःच्या दारात उभं राहून कळलं.

त्याहून मोठा दणका आईनं दिला. देवकाबाई बाहेर आली, त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि दार आडवं केलं. माझा उमाजी बायकोचं नाव घेत नव्हता, हे त्याचं सोंग घेऊन दुसरंच काही आलंय, असं ती म्हणाली. लोकांना पटलं. काय चुकलं त्यांचं? खरंच कधी घेतलं नव्हतं. पोरासोरांनी ढेकळं मारली. शेवटी जातीचा पंच मुखरूभाऊ आला. त्यानं उमाजीचे पाय उलटे आहेत का पाहिलं, सावली पाहिली, मूठभर मीठ खायला लावलं. उमाजीनं मीठ खाऊन मुखरूभाऊच्या सात पिढ्या उद्धरल्या, तेव्हा सगळ्यांची खात्री पटली की हा आपलाच उमाजी.

पण जिवंत निघाला म्हणून घरात घेता येतं होय? प्रेत सापडलं नव्हतं म्हणून पळसाच्या पानांचा उमाजी करून जाळला होता. तेरवीचं जेवण सगळी जात जेवली होती. मुखरूभाऊनं निवाडा दिला, की मेला तो मेला. आता ह्याला नव्यानं जन्म घ्यावा लागेल, आणि मग बायकोशी नव्यानं लग्न. तोवर कुणी त्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही, त्यानं उंबरा ओलांडायचा नाही. उमाजी गोठ्यात निजला.

ते बारसं ज्यांनी पाहिलं ते अजून पोट धरून हसतात. मिशाळ बाप्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, म्हाताऱ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला. देवकाबाईनं बोटानं मध चाटवला. बायांनी पाळणा म्हटला. कानात कुर्र करून नाव ठेवलं, तेच, उमाजी. देवकाबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. उमाजीही रडला, आणि कुणीतरी म्हणालं, पाहा, पोरगं कसं रडते.

दुसऱ्या दिवशी मांडव पडला. उमाजीला हळद लागली. चूल पेटली, भात शिजला, वांग्याची भाजी रटरटू लागली. गिरजा खाली मान घालून बसली होती. आता कुमारिकेचं लग्न असेल तर तिला कुणी काही विचारत नाही, बाप देतो आणि ती जाते. पण गिरजा विधवा. विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचं तर पंचानं चारचौघांत तिला तीनदा पुसायचं, अशी जातीची रीत. मुखरूभाऊ रीतीचा पक्का. त्यानं पुसलं.

“गिरजाबाई, ह्या उमाजीसंगं पाट लावाले राजी हाय का?”

“नाई.”

लोक हसले. लाजते बापा, म्हणाले. मुखरूभाऊही हसला आणि त्यानं दुसऱ्यांदा पुसलं. गिरजानं मान वर केली आणि तेच सांगितलं. हसणं थांबलं. तिसऱ्यांदा मुखरूभाऊनं कारणच पुसलं. काऊन बाई, एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“तो गेला तवा मी रडली, मुखरूभाऊ,” गिरजा म्हणाली. “लय रडली. मंग मले झोप लागली. ह्या घरात आली तवापासून तशी झोप मले लागली नोहोती. मागच्या खेपी मले कोनी पुसलं नाई. ह्या खेपी पुसलं, तं सांगतो. नाई.”

उमाजीच्या कानात नुसता पुराचा आवाज भरला. जिच्यासाठी आपण जगलो, जिच्या नावानं घसा फोडला, ती ही? तो उठला आणि त्याचा हात वर गेला. त्यानं तो उचलला नाही, देवाशप्पथ सांगतो, हात आपोआप गेला, सवयीनं. शपथ वगैरे सगळी कुठल्या कुठं गेली. आणि कुणीच मधे पडलं नाही, कारण आजवर कधी कुणी पडलंच नव्हतं.

गिरजा दर वेळी खांद्यात मान घालायची. ह्या वेळी तिनं मान हलवली नाही. त्या हाताकडे सरळ पाहत बसली.

“उमाजी, हात खाली घे,” मुखरूभाऊ म्हणाला. “ते बाई आता तुही कोनी नाई.”

हात खाली आला. आपलाच हात पाहून उमाजी हादरला होता. तो आईकडे वळला. देवकाबाई उठली, पण त्याच्याकडे आली नाही. तिनं गिरजाचा दंड धरला. चाल पोरी, म्हणाली, आणि दोघी घराकडे निघाल्या. मागून दार लावल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

शिजलेलं अन्न फेकायचं कसं? लोक मान खाली घालून पंगतीला बसले. हळद लागलेल्या उमाजीसमोरही कुणीतरी पत्रावळ ठेवली. वाढलेलं त्यानं मुकाट खाल्लं, आणि हात धुवायला उठल्यावर त्याला कळेना की आता जायचं कुठं.