काकांचा जर्मन पेशंट

“आला बगा आपला पेशंट!” असं म्हणत काका बनियनला हात पुसायचे, ट्रंकेतून मेणकापडाची पुडी काढायचे आणि एक मळकं, छोटं पुस्तक माझ्यापुढे ठेवायचे. महायुद्धात लढलेल्या एका साध्या जर्मन शिपायाचं ते सेवापुस्तक होतं.

नायगावात खाडीलगत आमचा शेजार. काका युद्धात आपल्या फौजेची ॲम्ब्युलन्स चालवत. इटलीत एका जखमी जर्मनाला त्यांनी इस्पितळात पोचवलं. त्याचा कोट मात्र गाडीतच राहिला आणि काकांना लगेच पुढे जायचा हुकूम झाला. पुस्तक त्या कोटाच्या खिशात होतं. माणूस जगला की गेला, हे त्यांना कळलंच नव्हतं.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावतं, हे तुम्ही पाहिलं असेल. काका आईबापाच्या कबरीवर लावत, आणि त्या जर्मनासाठी नेलेली एक जादा मेणबत्ती, दरवर्षी तीच, न पेटवता परत आणत.

“लावायची नाही, तर नेता कशाला?” मी एकदा विचारलं.

“मेला असल तर त्याला कोन लावनार, मास्तर? आन जिता असल तर मी मेनबत्ती लावून मारू त्याला?”

जर्मन मला कुठे येत होतं! पण मी जुन्या बाजारातून शब्दकोश आणला आणि दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर आम्ही पानांचा अर्थ लावायला बसू लागलो. मला वाटलं, लढाया निघतील. निघाले पायमोजे, बूट, लस टोचल्याच्या नोंदी आणि पुढचा एक काढलेला दात. गडी आधी बर्फाच्या मुलखात गेला होता, तिथे पाय गारठून इस्पितळात पडला होता, मग इटलीत आला होता. घरी रजा एकदाच.

“आपल्यावानीच बिचारा,” काका म्हणाले. “बूट देतात, रजा नाय देत.”

नाक्यावर कोणीतरी टोमणा मारला, हिटलरच्या माणसाचा एवढा पुळका कशाला? काका भडकले. “हिटलर गेला खड्ड्यात! माझ्या गाडीत आला तवा तो माझा पेशंट!”

पुस्तकातल्या घरच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र परत आलं. मग जुन्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या तिकडच्या कचेरीला त्याचा नंबर कळवला. बरेच महिने काहीच नाही, आणि एक दिवस थेट त्या माणसाचंच पत्र. वाचला होता! सुतारकाम करून आता नातवंडं खेळवत होता. सोबतच्या फोटोत तो तोंडभर हसत होता. काकांनी भिंग घेऊन आधी त्या दाताची जागा शोधली.

“तोच! मी पोचवलेला!”

फोटो घेऊन ते घरोघर हिंडले. असा माणूस आपला शेजारी आहे, याचा मला इतका अभिमान वाटला की मीही मागोमाग हिंडलो. पुस्तक काकांनी स्वतः मेणकापडात गुंडाळून, शिवून पोस्टात टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. मी जर्मनीला कळवलं. उत्तरात त्यानं एवढंच मागितलं होतं की कबरीवर त्याच्या नावानं एक मेणबत्ती लावावी.

काकूंनी ट्रंकेतून तीच, इतकी वर्षं न पेटलेली मेणबत्ती काढून दिली. ती मधोमध वाकली होती. नोव्हेंबरात मी ती कबरीवर लावली, आणि जरा वेळ हातानंच सावरून धरली.

शेजारच्या कबरीपाशी उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, “ही कोनाकडून?”

“पेशंटाकडून,” मी छाती काढून सांगितलं.