काळ्या चष्म्याच्या पाव्हण्याला मी चकवलं

आता हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा खुशाल हसा. लोक दुसऱ्याच्या लग्नात बिब्बा घालतात. मी स्वतःच्याच घातला, तोही एका इंग्रजी सिनेमापायी!

त्या वर्षी औंधच्या यात्रेत मी एक मुलगी पाहिली. तासगावकडची. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मध्यस्थामार्फत विचारणा केली. दोन महिने झाले तरी तिकडून ना हूं ना चूं. मला जेवण गोड लागेना.

माझी ही अवस्था बघून फौजेतून सुटीवर आलेला माझा दोस्त रंगा मला सांगलीला घेऊन गेला. हेरांचा सिनेमा लागला होता.

"गड्या, ह्यो आदी टीव्हीवर हुता," रंगा म्हणाला. "तिकडं विलायतेत दर आठवड्याला येक भाग दावायचं. त्येच जोडून सिनेमा केलाय."

टीव्ही आमच्या गावात फक्त रंगानं पाहिला होता, तोही साहेबाच्या खिडकीतून. पण जोडकाम मलाही दिसलं की! दर अर्ध्या तासाला सिनेमा संपायचा. हेर जिंकायचा, वाजंत्री वाजायची, लोक चपला शोधत उठायचे. तेवढ्यात नवा काळ्या चष्म्याचा माणूस येऊन हेराच्या बाईला पळवायचा. लोक परत खाली! असं चारदा झालं.

इंग्रजी मला ओ की ठो कळत नव्हतं. रंगा सांगेल ते खरं.

"बघ, शत्रूला हानायचं न्हाई," तो कानात म्हणाला. "ग्वाड बोलायचं आन समदं उलटं सांगायचं. सोत्ताचं नाव तर मेलं तरी सांगायचं न्हाई!"

मी ते मनावर घेतलं. माझा स्वभावच तसा. मनावर घेऊ नये ते आधी घेतो.

चौथ्या दिवशी, उंब्रजच्या पुढं आमच्या गावच्या फाट्यावर, हॉटेलात एकटाच बसलो होतो. हॉटेलवाला दूध आणायला गेला होता. एसटीतून एक माणूस उतरला. काळा चष्मा! रखरखीत ऊन, आणि छत्री मिटून बगलेत!

"काय पाव्हणं, कुनाकडं?" मी विचारलं.

"कुनाकडं न्हाई. असंच."

असंच? आमच्या गावात असंच कोण येतं हो? पाऊससुद्धा येत नाही!

तो शेजारी टेकला. "आबा जाधवांचं घर कसं हाय वो? हिरीला पानी? फौजंत कोन हाय का घरात?"

पाणी! फौज! हा शत्रूचाच माणूस! आबा जाधव म्हणजे माझाच बाप.

"हिरीत खडखडाट," मी गोड हसून म्हणालो. "आन फौजंत कोन जानार? समदी भित्री."

"त्येंचा थोरला, दत्तू? त्यो कसाय?"

घ्या! माझं नाव शत्रूच्या यादीत! घाबरलो हे खरं, पण छातीही दोन इंच फुगली.

"त्यो व्हय? त्येला फिट येती."

"आगं आई! आन दारू?"

"सकाळची चूळच तिनं भरतो."

"कामाला?"

"झोपंतनं येळ गावला तर."

पाव्हण्यानं घाम पुसला. "मग बायकूला कसा नांदवनार त्यो?"

बायको! म्हणजे पळवापळवीचा बेत! नसलेल्या बायकोला वाचवायला मी सरसावलो. "आवं, बायकू हाय की! कोल्हापुरात ठिवलीया. पत्ता कुनालाच ठावा न्हाई."

पाव्हण्यानं माझे दोन्ही हात धरले. "देवासारखं भेटलासा!" म्हणाला, आणि समोरून आलेल्या उंब्रजच्या गाडीत चढला.

मी छाती काढून घरी गेलो. आई शिरा परतत होती. आबा पटका बांधून दारात.

"दत्तू, फाट्यावर कोन दिसलं का रं? मध्यस्थानं गुपचूप सांगावा धाडलाय. पोरीचा मामा चौकशीला येनार हाय. डोळ्याचं आप्रेशन झालंय, काळा चष्मा असतुया."

पोरगी देण्याआधी त्यांचा माणूस ओळख न दाखवता गावात फिरून जातो, हे मला माहीत नव्हतं? अहो, बहिणीच्या वेळी मीच असा फिरून आलो होतो!

सायकल काढली ती उंब्रजपर्यंत उभ्यानं हाणली. मामा स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत होते. मी पायच धरले.

"मामा, मीच दत्तू! समदं खोटं सांगितलं!"

मामांनी चष्मा काढला. "फिट न्हाई?"

"न्हाई!"

"दारू?"

"आईशप्पत न्हाई!"

"आन बायकू?"

"तुमी दिली तर!"

"मग येवढं कशापायी रं बाबा?"

मी सिनेमा सांगितला. चारी भाग, हातवाऱ्यांसकट! स्टँडवर ही गर्दी जमली. मामांनी चष्मा परत चढवला.

"फिट, दारू, बायकू, समदं खोटं निघालं," ते म्हणाले. "पन येडा हायस, ह्ये तेवढं सांगायचं ऱ्हायलं हुतं तुजं."

पोरीच्या घरी जाऊन त्यांनी जसंच्या तसं सांगितलं: हिरीला पानी हाय, पोरगा निर्व्यसनी हाय, अक्कल न्हाई.

आठ दिवसांत होकार आला. लग्नानंतर मी बायकोला विचारलं, "येवढं ऐकून तू व्हय कशी म्हनालीस?"

ती म्हणाली, "पहिल्या दोनांवर मी गप्पच हुते. तिसरं ऐकलं, आन लगीच व्हय म्हनाले."