नानांची करंगळी

"सगळं डिलीट करी टाक," नाना म्हणाले.

नाना आमच्या गुजरातेतल्या पलसाण्याच्या डाइंग हाउसमधले, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यातले रंगमास्तर, मूळ शिरपूरकडचे. मी तिथल्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळते. नववीत शाळा सोडून साक्रीहून आले तेव्हा मला माउस धरता येत नव्हता. नानांनीच शेठला सांगून इथे बसवलं. म्हणून त्यांचं काम निघालं की मी हातातलं आधी बाजूला ठेवते.

लॅबचा लॅपटॉप सगळ्यांचा. नाना त्यावर अहिराणी गोष्टी रेकॉर्ड करून राजकोटच्या नातीला पाठवायचे. ती गुजरातीच बोलते; अहिराणी तिच्या कानावर पडावी म्हणून. त्या सकाळी लॅबमधल्या हितेशने एक गोष्ट स्पीकरवर लावली. मग सगळ्यांचं चिडवणं सुरू, "नानाकाका, पछी शियाळनु शुं थयुं?" कोल्ह्याचं पुढे काय झालं, ते नातीलाही हवं होतं. पण नाना बंदच करायला निघाले.

"डिलीट नको नाना. तुमचं वेगळं अकाउंट करते. बोट ठेवलं की उघडेल."

वेगळं अकाउंट म्हणजे त्याच घरात कुलूपवाली खोली. त्याला आधी पिन लागतो, मग बोटाचा ठसा. रोज पिन टाकायचा तर नाना आकडे मोठ्याने म्हणणार. म्हणून जेवणाच्या सुट्टीत, लॅब रिकामी असताना, एकदाच टाकून घेतला.

नानांनी अंगठा ठेवला. मशीन घेईना. पहिलं बोट, तेही नाही. मी ओढणीने सेन्सर पुसला. लॅपटॉप आपणच बिघडवला, असं मला वाटलं.

मग नानांचा हात उलटा करून पाहिला. ओलं कापड चिमटीत चोळून रंग सुटतो का ते बघायची त्यांची सवय. सोडा आणि गरम पाण्याने त्या बोटांच्या रेघाच गेलेल्या. चोळताना बाहेर राहते ती फक्त करंगळी. ती ठेवली आणि लागली.

"जन्मभर फुकट खाल्लं हिनं," नाना म्हणाले. "आज कामाला आली."

"अजून एक बोट हवं. हिला कापलं-भाजलं तर अडायला नको."

बाकीची बोटं काही लागेनात; दुसऱ्या हाताची करंगळी तर जुन्या भाजण्याने गुळगुळीत.

"तुन्हं टाक."

"माझं? मग लॉक कशाला?"

"घरनं एक मानूस ऐकाले नको का?"

घरचं माणूस म्हणजे मी. मान खाली घालून बोट ठेवलं. पहिल्याच वेळी लागलं.

तेव्हा दोन बोटं नोंदवून ठेवा आणि पिन विसरू नका. दुसरं बोट कोणाचं, ते मशीन विचारत नाही.

कोल्हा काल नदीपर्यंत पोचला. हितेश अजून विचारतो. मी सांगत नाही.