विश्वासकाकांना वाजणारी थंडी

कल्पना करा, खोली गरम ठेवणारा, लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर म्हणजे पेलेटवर चालणारा स्टोव्ह तुम्ही थंड होऊ दिला आहे, प्लग काढला आहे आणि मागचं झाकण उघडून खोलीत गरम हवा सोडणाऱ्या ब्लोअरला ब्रश लावला आहे. परदेशात, ब्रेडा शहरातल्या मालिनीकाकूंच्या घरी मी परवा हेच करत होतो. आग नीट पेटत होती, पण गरम हवा जेमतेम बाहेर येत होती.

ब्लोअरच्या पात्यांवर पिवळट, चिकट थर बसला होता. स्वयंपाकाचा ओटा त्याच खोलीत असल्यामुळे इतक्या वर्षांच्या फोडण्यांचं तेल धुळीत मिसळून तिथे जमलं होतं.

"काकू, हे दरवर्षी साफ करायचं असतं."

"राख मी रोज काढायचे रे. हे मागचं कुणी सांगितलंच नाही."

पाती पुसून स्टोव्ह लावला. अर्ध्या तासात खोली उबदार झाली. काकूंचे यजमान विश्वासकाका गेल्या हिवाळ्यातल्या त्यांच्या शेवटच्या आजारपणात सारखे म्हणायचे, "मालिनी, गार लागतंय गं." ओट्यापाशी शेगडीच्या उबेत उभ्या असलेल्या काकू म्हणायच्या, "स्टोव्ह चालू आहे, तुम्हाला आजारामुळे वाटतंय."

"तू इंजिनिअर ना?" काकूंनी मला विचारलं. "खरं सांग. त्यांना नुसतं वाटत होतं, की खोलीच गार होती?"