शेअर न विकणारे मामा

शेअरचा भाव वाढला म्हणून संतापणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात एकच, आणि ते माझेच मामा असावेत हे माझं दुर्दैव. कळंबच्या या गृहस्थांची हयात साखर कारखान्याचे सभासद म्हणून गेली. तिथे शेअर एकदा घ्यायचा, दिवाळीला साखर आणायची आणि वार्षिक सभेत उभं राहून चेअरमनवर ओरडायचं. शेअरचा भाव रोज हलतो, ही कल्पनाच त्यांना असभ्य वाटे. तरीही एका वर्षी उसाचं बिल आल्यावर त्यांनी पंपांच्या एका कंपनीचे शेअर घेतले, कारण विहिरीवरचा त्या कंपनीचा पंप कधी बिघडला नव्हता. दिवाळीला कंपनीकडून काहीच आलं नाही, तेव्हा म्हणाले, "साखर ऱ्हाऊ द्या, एक वायसर तरी धाडायचा!"

पुढे भाव तिप्पट झाला. मी बारामतीच्या कॉलेजात कॉमर्स शिकवतो, त्यामुळे जाब मला. "पंप तेवढंच, कामगार तेवढंच, मग भाव तिप्पट कशानं? निस्ती हवा भरलीय!" मी व्याजदर, पुढच्या नफ्याची अपेक्षा असं काही समजावू लागलो, की अंगावर येत. "अपेक्षा काय हिरीत सोडू व्हय?"

"हवा आहे ना? मग विका! मामीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन तरी होईल," मी ओरडलो. मामी तेव्हा भिंत धरून चालत होती.

"हवा हाय म्हाईत असून दुसऱ्याच्या गळ्यात मारू? सभासद हाय मी, दलाल न्हाय!"

अशा माणसाला हात जोडावेत की बदडावं? मी चहा न घेता निघालो आणि बारामतीपर्यंत एकटाच बडबडत आलो.

गेल्या महिन्यात भाव कोसळला. कंपनी तीच, पंप तेच. टीव्हीवरच्या प्रत्येक शहाण्याकडे वेगळं कारण होतं. मी तणतणतच कळंब गाठलं. "फुटला ना फुगा? आता बसा!"

मामांनी आवाज चढवला नाही. "हवा सगळी गेली का रं?" त्यांनी विचारलं. "आता इकलं तर कुणाला फसिवल्यागत न्हाय ना हुणार?"

वर्गात या विषयावर मी तासभर बोलतो. "माहीत नाही, मामा," मी म्हणालो.

मामी चहाला उठू लागली. मामा तिच्यापुढे वाकले, तिनं त्यांच्या खांद्यावर भार टाकला आणि दोघं हळूहळू चुलीकडे गेली. माझा राग कुणावर काढावा, ते मला कळेना.