वर्गणी न देणारा पायलट

स्वयंपाकघरात फरशीवर तो आडवा पडला होता. तोंड डावीकडून लोंबत होतं आणि माझा फोन त्याने उजव्या मुठीत आवळून धरला होता.

"डॉक्टर नको, मावशी. नोंद होईल. लायसन जाईल."

जीभ जड झाली होती, तरी एवढं कळलं. मी म्हटलं, "साहेब, फोन सोडा." सोडेना. उलट म्हणाला, "कामावरून काढीन." मी म्हटलं, "काढा, पण आधी सोडा." मूठ उघडेना, तेव्हा मी खाली बसले आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावले. माझे पुढचे दात अजून माझेच आहेत. फोन सुटला.

हा माणूस पायलट होता. खालापूरच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी त्याचा बंगला होता आणि मी तिथे स्वयंपाक, झाडलोट करायचे. बायको मुंबईला. तिला इथे करमत नसे. सुट्टी मिळाली की हा एकटा यायचा, झोपायचा, जेवायचा, पुन्हा झोपायचा. समोर मी त्याला अहोजाहो करायचे. आता पगार तो देत नाही, म्हणून नुसतं 'तो' म्हणते.

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. बोलायला गोड, कपडे स्वच्छ, कुणाचं वाईट करत नाहीत. फक्त दुसऱ्याने ओढलेल्या गाडीत बसून जातात. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आपलं काम होतंय ना? मग झालं."

आजूबाजूच्या बंगलेवाल्यांनी मिळून वॉचमन ठेवला, तेव्हा याने वाटा दिला नाही. मला म्हणाला, "मावशी, तो रात्रभर गस्त घालणार. माझ्या फाटकापाशी आल्यावर डोळे मिटून घेणार आहे का?" वॉचमन बिचारा खरंच डोळे मिटत नव्हता. याच्या आवारात साप निघाला तेव्हा हाक मारायलाही त्याला तोच सापडला.

हनुमान जयंतीला गावातली पोरं पावतीपुस्तक घेऊन आली. त्यांना म्हणाला, मी देव मानत नाही. ठीक आहे, नको मानूस. पण भंडाऱ्याच्या पंगतीत हा पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता. बुंदी दोनदा मागून घेतली. माझी जाऊ वाढायला होती. ती मोठ्याने म्हणाली, "वाढा गं पायलटला, लांबून उडत आलाय!" सगळी पंगत हसली. हाही हसला. लाज वाटायला जे काही लागतं ते त्याच्यात बसवायचं राहून गेलं होतं. परत येताना मला म्हणतो, "बघ, उठवलं का कुणी? आपलं काम झालं."

एकदा त्याच्याबरोबर काम करणारी एक पायलट बाई जेवायला आली. तरुण होती, केस बारीक कापलेले. जेवायला नव्हतीच आली म्हणा, याला पुन्हा युनियनमध्ये घ्यायला आली होती. हा आधी सभासद होता, मग वर्गणी जास्त वाटली म्हणून सोडून आला होता. पायलटांचीही युनियन असते हे मला तेव्हा कळलं. मला वाटायचं, युनियन म्हणजे खोपोलीच्या कारखान्याच्या गेटवरची.

हा भाकरी मोडत तिला म्हणाला, "तुम्ही भांडता, पगार वाढतो. माझाही वाढतो. दोन फेऱ्यांमधली विश्रांती तुम्हाला वाढवून मिळाली, मलाही मिळाली. करार सगळ्यांनाच लागू होतो. मग मी पैसे कशाला घालू?"

ती म्हणाली, "सर, करार सगळ्यांचा, पण फंड सभासदांचा. तब्येतीमुळे लायसन गेलं तर फंडातून फक्त सभासदाला मिळतं."

"माझी तब्येत ठणठणीत आहे."

"सगळ्यांची असते, सर. मेडिकलच्या दिवसापर्यंत."

ताट ठेवायला ती आत आली तेव्हा मी विचारलं, हे मेडिकल काय असतं. तिने नीट सांगितलं. ठरलेल्या मुदतीने तपासतात, आणि नापास झालं की माणूस घरी. शिकलेलं दुसरं काही नसतं, वय झालेलं असतं. "वर्गणी त्या दिवसासाठी असते, मावशी. आणि हे इथे येऊन झोपतात ना, ती सुट्टीसुद्धा आम्ही भांडून आणलीय."

मी युनियनची आरती ओवाळत नाही. माझा नवरा कारखान्यात होता, जन्मभर वर्गणी भरली. त्यांचे पुढारी त्या वर्गणीवर चहा-भजी खायचे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एक संप तर असा लांबवला की आम्ही नुसत्या अंबाडीच्या भाजीवर राहिलो. पण नवऱ्याचा हात यंत्रात गेला तेव्हा तेच भजीखाऊ गेटवर बसले आणि कंपनीने त्याला बसून करायचं काम देईपर्यंत उठले नाहीत. तेवढं खरं आहे, म्हणून सांगितलं.

आता ठणठणीत तब्येतीचं ऐका. त्या दिवशी तो तिला तसं म्हणाला तेव्हा माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या त्याच्या खिशात होत्या. त्याचा डावा हात मधूनच बधिर व्हायचा, कप निसटायचा. डॉक्टरकडे जाईना, कारण डॉक्टर लिहून ठेवतो आणि लिहिलेलं मेडिकलला निघतं. मग मला म्हणाला, "तू तुझ्या नावावर जास्तीच्या आण." मी आणल्या. लहान पोर नव्हता तो. गोळी माझी, दुखणं त्याचं, आणि मेडिकल जवळ आलं की चालू, झालं की बंद. मी विचारलं, "साहेब, तुमच्या पाठीमागं एवढी माणसं बसत्यात. चक्कर वरच आली म्हंजे?"

"शेजारी दुसरा पायलट असतो ना."

हे तो हसत म्हणाला. मला त्या दिवसापासून त्याच्या ताटात वाढताना हात जड व्हायचा.

फंड असता तर तो डॉक्टरकडे गेला असता का? त्या बाईला वाटतं, गेला असता. लायसन गेलं तरी घर चालेल एवढा आधार असता, मग लपवायचं कशाला? मला खात्री नाही. पण पाठीशी काही नव्हतं म्हणून तो लपवत होता, आणि लपवता लपवता फरशीवर आला, हे मी पाहिलं.

फोन सुटल्यावर मी हमीदला लावला. तो कुंभिवलीला कोंबड्या विकतो, त्याचा टेंपो आहे.

"हमीद, टेंपो आन रं. सायेब पडलाय."

"जित्ता हाय का?"

"हाय. बोलतोय, वंगाळ बोलतोय, पन बोलतोय."

हमीद आला. मागे रिकामे पिंजरे होते, ते सरकवून गोधडी टाकली. मी पाय धरले, त्याने खांदे. वाटेतही त्याचं चालूच, "खोपोलीला नको, मावशी, नोंद होईल." हमीद पुढून ओरडला, "सायेब, गप पडा, नायतर कोंबड्यांच्या वहीत लिवतो तुमाला!" घाट दिसायला लागला तेव्हा त्याने चांगल्या हाताने माझा हात धरला. चावल्याची खूण तिथे लाल झाली होती. मी हात काढून घेतला नाही. एवढी काही मी दगड नाही.

खोपोलीच्या डॉक्टरने बघून पुढे मुंबईला पाठवलं. उशीर झालाय म्हणाला. मी काय सांगणार, किती वेळ फोन मुठीत होता ते?

बंगला विकायला निघाला तेव्हा सामान न्यायला त्याची बायको आली आणि मदतीला ती पायलट बाई. बायको वर कपाटं रिकामी करत होती. बाई ओट्यापाशी मला म्हणाली, फंडातून काही मिळालं नाही, नियमच तसा. मग तिने आणि युनियनमधल्या चारदोन जणांनी प्रत्येक सभासदाकडे जाऊन त्याच्यासाठी पैसे गोळा केले. ज्यांनी इतकी वर्षं वर्गणी भरली त्यांनीच पुन्हा दिलं.

"तुमाला राग नाय आला?" मी विचारलं.

"आला ना. देणाऱ्यांनाही आला. शिव्या देत दिले."

म्हणजे हेही त्याला फुकटच मिळालं.

तो जगला. डावी बाजू गेली, विमान गेलं. पुण्याला मुलीकडे असतो.